शंका-समाधान : पाखरू परत कुठं येतं, ते आधी हेरा

शंका : अंगणातल्या मोटारसायकलच्या आरशावर एक चिमुकला काळा पक्षी दिवसभर चोची मारतो. फोटो छान मिळतात, पण त्याला इजा होईल का? (परभणी)

समाधान : आरशावर आजच पिशवी चढवा. हा जांभळ्या शिंजीराचा नर आहे. विणीच्या दिवसांत हद्दीत दुसरा नर शिरला की तो त्याला हुसकावतो. आरशातला नर काही हटत नाही, मग हा दमेपर्यंत भांडत बसतो. फोटोसाठी तो कुठं गातो ते पाहा. झाडाच्या शेंड्यावरची एखादी उघडी काटकी ठरलेली असते, तिथं तो पुन्हा पुन्हा येतो. सकाळचं ऊन तुमच्या पाठीमागून त्याच्यावर पडलं, तर काळा दिसणारा पक्षी निळा-जांभळा झळाळेल. वीण सरल्यावर तोच पिवळट होतो आणि गळ्यापासून पोटापर्यंत काळी रेघ तेवढी उरते. तेव्हा नवा पक्षी आला म्हणून नोंद करू नका.

शंका : जास्वंदीच्या पानांत शिंपी पक्ष्यानं घरटं केलंय. एक पान जरा बाजूला बांधलं, तर पिलांचा फोटो येईल. चालेल का? (मानवत)

समाधान : मुळीच नाही. घरटं जवळून नको, दुर्बिणीतून पाहा. पानांच्या कडांना चोचीनं बारीक भोकं पाडून त्यांतून कापसाचे धागे आणि कोळ्याच्या जाळ्याचे तंतू ओवलेले दिसतील. बाहेर आलेलं टोक पिंजून फुलवलेलं असतं, म्हणून टाका निसटत नाही. हे पानच पिलांचं छप्पर. ते सरकलं की ऊन लागतं आणि कावळा, भारद्वाज, मांजर या सगळ्यांना पत्ता लागतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वन्य पक्ष्यांची घरटी वा अंडी विस्कटणंही शिकारीच्या व्याख्येत येतं. अंडी उबायला साधारण १२ दिवस आणि पिलं उडायला आणखी सुमारे दोन आठवडे लागतात. तेवढे दिवस खिडकीआडून, फ्लॅश बंद ठेवून बसा. आई-बाप चोचीत अळी घेऊन आले की घरट्यात शिरण्याआधी शेजारच्या फांदीवर क्षणभर थांबून अंदाज घेतात. कॅमेरा त्या फांदीवर रोखा, घरट्यावर नको.

शंका : नेमगिरीच्या बाजूला माळावर काळ्या पोटाचा, चिमणीएवढा पक्षी उडताना शीळ घालतो. फोटो सगळे काळपट येतात. मोबाईलवर त्याचा आवाज लावला तर जवळ येईल का? (जिंतूर)

समाधान : हा डोंबारी, चंडोलाच्या कुळातला. नर पंख फडफडवत वर चढतो, पंख मिटून सरळ खाली झेपावतो, जमिनीला टेकतो असं वाटताच पुन्हा उसळी घेतो. नावाला साजेसा खेळ! आवाज लावू नका. प्रतिस्पर्धी आला समजून तो घरटं सोडून तुमच्याभोवती घिरट्या घालेल, आणि तेवढ्यात अंडी-पिलं उघड्यावर पडतील. खेळ संपल्यावर तो बहुधा ओळखीच्या ढेकळावर नाहीतर दगडावर उतरतो. बऱ्याच अंतरावर खाली बसून राहा. उजळ आभाळापुढे कॅमेरा फसतो आणि पक्षी काळा पडतो, म्हणून एक्स्पोजर +१ करा. उडत्या पक्ष्याला शटर १/२००० ठेवा, बसून गाणाऱ्याला १/५०० पुरे. उन्हाळ्यात नऊच्या आत आवरा, नंतर तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते आणि कितीही भारी लेन्स असली तरी चित्र धूसर येतं.

शंका : मी विद्यार्थी आहे. पैसे बेताचेच आहेत. आधी कॅमेरा घेऊ की दुर्बीण? (गंगाखेड)

समाधान : ८×४२ ची दुर्बीण आणि एक वही. गोदाकाठच्या बाभळीवर पावसाळ्यात सुगरण घरटी विणते, तिथून सुरुवात करा. परभणीला याल तेव्हा कृषी विद्यापीठाच्या झाडीत दयाळ ऐका. मार्चपासून नर पहाटेच गायला लागतो. तारीख, वेळ, झाड आणि पक्षी काय करत होता एवढं लिहा, जमल्यास ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरही नोंदवा. एक वर्षाची वही भरली की कोणता पक्षी कुठं, कधी परत येतो ते तुम्हाला पाठ होईल. मग मित्राचा उसना कॅमेराही चालेल.