रक्त देते मासळीची साक्ष

गेल्या महिन्यात तुम्ही किती वेळा मासे खाल्लेत? नेमका आकडा सांगता येईल? कठीण आहे. कोणी कमी सांगेल, कोणी जास्त. आहाराचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांची हीच अडचण असते. माणसाची आठवण चुकते. मग विचारायचे कोणाला? रक्ताला!

१९७० साली बँग आणि डायरबर्ग हे दोन डॅनिश संशोधक ग्रीनलंडच्या वायव्य किनाऱ्यावर गेले. तेथील इन्युइट लोकांचे मुख्य अन्न म्हणजे सील, देवमासा आणि मासे. संशोधकांनी त्यांच्या रक्ताचे नमुने घेतले व त्यांतील मेदाम्ले गॅस क्रोमॅटोग्राफ या उपकरणाने वेगळी करून मोजली. ईपीए नावाचे मेदाम्ल त्यांच्या रक्तात डॅनिश लोकांपेक्षा कितीतरी अधिक निघाले.

हा वंशाचा गुण तर नसेल? ही शंका दूर करण्यासाठी डेन्मार्कमध्ये राहणाऱ्या इन्युइटांचे रक्तही तपासले. ते डॅनिश लोकांच्या रक्ताशी मिळतेजुळते होते! म्हणजे मुख्य फरक ताटातला होता.

असे का व्हावे? ईपीएच्या रेणूत कार्बनचे २० अणू व ५ दुहेरी बंध असतात. त्याचाच भाऊबंद डीएचए, त्यात २२ अणू व ६ दुहेरी बंध. ही आम्ले समुद्रातील सूक्ष्म शैवाले तयार करतात. अन्नसाखळीतून ती माशांत आणि माशांतून आपल्या रक्तात येतात. जवसातील मेदाम्लापासून आपले शरीरही ती बनवते, पण फार थोडी.

रक्तद्रवातील मेदाम्ले गेल्या काही दिवसांचा आहार सांगतात. तांबड्या पेशी मात्र सुमारे १२० दिवस जगतात. त्यांच्या आवरणातील मेदाम्लांवरून काही महिन्यांचा आहार कळतो.

तरीही या साक्षीदाराची उलटतपासणी हवीच. बांगडा, तारली हे तेलकट मासे. कमी चरबीचे मासे तितकेच खाल्ले, तर खूण फिकी उमटते. उलट, माशाच्या तेलाच्या गोळ्या घेणाऱ्याने मासा चाखलाही नसेल, तरी त्याच्या रक्तात ही आम्ले वाढतात. रक्त आम्लाचे प्रमाण सांगते, माशाच्या तुकड्यांची संख्या नव्हे.

आता एक प्रश्न. एका व्यक्तीच्या रक्तद्रवात ईपीए भरपूर आहे, पण तांबड्या पेशींत अगदी कमी. तिच्या आहाराविषयी तुम्ही कोणते अनुमान काढाल? वर्गात चर्चा करा.