विमा कंपनीचा वकील व ट्रॅक्टरचा मालक

ट्रॅक्टर हें आतां शेतीचें नित्याचें साधन झालें आहे, व तो रस्त्यावर आणावयाचा तर तिऱ्हाइताच्या नुकसानीबद्दल विमा उतरणें कायद्यानें भाग आहे. विमा उतरला म्हणजे अपघाताची सर्व जोखीम कंपनीच्या माथीं गेली, अशी पुष्कळ शेतकरी बंधूंची समजूत असते. ती सर्वस्वी खरी नाहीं. दावा लागल्यावर कंपनीचा वकील कोणत्या मार्गानें बचाव करतो, हें मालकास आधींच ठाऊक असलें तर पुढील अनर्थ टळेल. म्हणून त्याचें थोडक्यांत विवेचन आम्ही येथें करीत आहों.

अशा दाव्यांत दोन प्रश्न निरनिराळे असतात. अपघातास मालक किंवा त्याचा चालक जबाबदार आहे काय, व असल्यास भरपाई किती, हा पहिला. ती जबाबदारी पॉलिसीच्या अटींत बसते काय, हा दुसरा.

पहिल्या प्रश्नापुरतें मालकाचें व कंपनीचें हित एकच असतें. पंचनामा, फिर्याद व साक्षीदारांची उलटतपासणी ह्यांच्या आधारें जखमी इसमाचीही चूक होती, किंवा मागितलेली रक्कम अवास्तव आहे, असें वकील दाखवितो. मालकानें दाव्यास हरकतच घेतली नाहीं, तर मोटार वाहन कायदा, १९८८, कलम १७० अन्वयें न्यायाधिकरणाच्या परवानगीनें मालकाचे सर्व बचाव कंपनीस घेतां येतात.

दुसऱ्या प्रश्नांत मात्र तोच वकील मालकाच्या विरुद्ध उभा राहतो. चालकाचा परवाना हजर करण्याविषयीं तो नोटीस देतो, परिवहन कार्यालयाचें दप्तर मागवितो, आणि अपघाताच्या वेळीं ट्रॅक्टर कोणत्या कामावर होता याचा पुरावा पुढें आणतो. २००७ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें आलेल्या एका प्रकरणांत वीटभट्टीची माती वाहणाऱ्या ट्रॉलीवरील मजूर जखमी झाला होता. ट्रॅक्टरचा विमा शेतीच्या कामापुरता होता व ट्रॉलीचा विमाच नव्हता. सबब कंपनी जबाबदार नाहीं, असें ठरलें. मजुराची स्थिति पाहून न्यायालयानें आपल्या विशेष अधिकारांत कंपनीस रक्कम प्रथम देण्यास सांगितलें. परंतु ती मालकाकडून वसूल करण्याची मुभाही दिली.

ह्या वसुलीचें स्वरूप शेतकऱ्यानें नीट समजून घ्यावें. कलम १७४ प्रमाणें न्यायाधिकरणाच्या दाखल्यावरून कलेक्टर ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करतो. म्हणजे परवान्याची किंवा ट्रॉलीची हयगय अखेर जमिनीवर येऊं शकते.

तथापि वकिलाचा प्रत्येक आक्षेप टिकतोच असें नाहीं. अट मोडल्याचें सिद्ध करण्याचा भार कंपनीवर असतो. मालकानें जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणानें ती मोडली, हें तिनें दाखविलें पाहिजे, असें सर्वोच्च न्यायालयानें २००४ सालीं स्पष्ट केलें. ट्रॅक्टरचा परवाना असलेल्या चालकानें ट्रॉली जोडली म्हणून परवाना निरुपयोगी होत नाहीं, हें २००१ सालींच ठरलें होतें. २०२० सालचें प्रकरण ट्रॅक्टरच्या चोरीचें होतें. मालकानें पोलिसांत वर्दी तत्काळ दिली होती, पण कंपनीस ५२ दिवसांनीं कळविलें. एवढ्याच विलंबावरून खरा दावा नाकारतां येणार नाहीं, असा निर्णय झाला.

ह्यावरून घ्यावयाचा बोध असा :

१. पॉलिसी हातीं येतांच ट्रॅक्टर कोणत्या कामासाठीं व ट्रॉलीसह विमित आहे कीं नाहीं, तें वाचून पाहावें.

२. चालक ठेवतांना मूळ परवाना पाहून, मुदत तपासून, नक्कल जवळ ठेवावी.

३. ट्रॉलींतून माणसें नेऊं नयेत.

४. अपघात अगर चोरी झाल्यास पोलिसांस तत्काळ व कंपनीस लेखी कळवून पोंच घ्यावी.

५. नोटीस येतांच स्वतःचा वकील देऊन हजर व्हावें. कंपनीचा वकील हा कंपनीचाच वकील होय. तो आपली बाजू मांडील ह्या भरंवशावर घरीं बसूं नये.