लॅमिनेशनचें यंत्र निवडतांना

गेल्या वर्षीं उन्हाळ्याच्या सुट्टींत एक गृहस्थ आमच्या शाळेच्या कचेरींत आले. त्यांची बदली परराज्यांत झाली होती, आणि मुलाच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी हवी होती. दाखला त्यांनीं पिशवींतून जपून बाहेर काढला. तो ताठ व चकचकीत होता. कारण हातीं पडल्याच्या दिवशींच त्यांनीं तो बाजारांत नेऊन त्याचें लॅमिनेशन करून घेतलें होतें. पावसाळ्यांत घर गळतें, वाळवीचीहि भीति, म्हणून मुलाचा मोलाचा कागद सुरक्षित राहावा, एवढाच त्यांचा हेतु. परंतु त्या प्लॅस्टिकवर शाई धरेना, शिक्का उमटेना, आणि प्लॅस्टिक सोलूं जातां अक्षरेंच उपटून येऊं लागलीं. शेवटीं अर्ज करून दाखल्याची दुसरी प्रत काढावी लागली, आणि मुलास नव्या शाळेंत बसावयास तीन आठवडे उशीर झाला.

योगायोग असा कीं, त्याच महिन्यांत शाळेच्या कचेरीसाठीं लॅमिनेशनचें लहान यंत्र घ्यावयाचें ठरलें, व निवडीचें काम आमच्याकडे आलें. आम्हीं दुकानें हिंडलों, यंत्रें चालवून पाहिलीं, एकदोन चुकाहि केल्या. हल्लीं अशीं यंत्रें घरोघरीं येऊं लागलीं आहेत. तेव्हां विद्यार्थ्यांस व पालकांस उपयोगी पडावें या बुद्धीनें, जें समजलें तें येथें क्रमवार मांडीत आहों.

१. यंत्र काय करतें

पाऊच म्हणजे दोन पारदर्शक पापुद्रे एका कडेस जोडून केलेलें पाकीट. प्रत्येक पापुद्र्यास दोन थर असतात. बाहेरचा थर पॉलिएस्टरचा. तो कठीण व उष्णतेस टिकणारा. आंतला थर डिंकाचें काम करणाऱ्या मऊ प्लॅस्टिकचा. तो तापला म्हणजे वितळतो. यंत्रांतील तापलेल्या रोलरांमधून पाऊच जातो तेव्हां हा आंतला थर कागदास चिकटतो, आणि दाबानें मधली हवा बाहेर जाते. निवाल्यावर कागद व प्लॅस्टिक एकजीव होतात. 'एकजीव' हा शब्द ध्यानांत ठेवावा. या यंत्राचा सर्व गुण व सर्व दोष त्या एका शब्दांत सांठवला आहे.

२. कशाचें करावें, कशाचें करूं नये

यंत्र कोणतें घ्यावें, हा प्रश्न दुसरा. त्यांत काय घालावें, हा पहिला. जुन्या कागदपत्रांचें जतन करणाऱ्यांस हा धडा अनुभवानें मिळाला. अमेरिकेंतील व्हर्जिनिया राज्यांत विल्यम बॅरो यांनीं १९३० नंतरच्या दशकांत जीर्ण दस्तऐवज सेल्युलोज ॲसिटेटच्या पातळ पापुद्र्यांत उष्णतेनें व दाबानें बसविण्याची रीत प्रचारांत आणली. अनेक दप्तरखान्यांनीं ती उचलली. पुढें असें दिसून आलें कीं, तो पापुद्रा कालांतरानें स्वतःच बिघडूं शकतो, आणि त्यापासून कागद सोडविणें मोठें जिकिरीचें काम आहे. म्हणून आज जतनशास्त्राचा दंडक असा आहे कीं, मूळ कागदावर जो उपचार करावयाचा तो होतां होईल तों पुन्हां उलटवितां यावा. त्यासाठीं ते पॉलिएस्टरच्या पाकिटांत कागद न चिकटवितां नुसता ठेवितात. पाकीट उघडलें कीं कागद जसाचा तसा हातीं येतो.

यावरून घरासाठीं एक साधा नियम निघतो : ज्याची दुसरी प्रत सहज निघते त्याचें लॅमिनेशन करावें; जें एकच आहे त्याचें करूं नये. वर्गाचें वेळापत्रक, पाढ्यांचा तक्ता, प्रयोगशाळेंतील सूचना, शाळेचें ओळखपत्र, आजीच्या औषधांच्या वेळांची यादी, हीं सर्व यंत्रांत खुशाल जाऊं द्यावीं. परंतु शाळेचा दाखला, गुणपत्रिका, जन्माचा दाखला, घराजमिनीचे कागद, वाडवडिलांचीं पत्रें व जुनीं छायाचित्रें यांस हात लावूं नये. त्यांची छायाप्रत काढून तिचें लॅमिनेशन करावें, आणि मूळ कागद साध्या पारदर्शक पाकिटांत घालून कोरड्या पेटींत ठेवावा. २०१५ सालीं सुरू झालेल्या डिजिलॉकरमध्यें जीं प्रमाणपत्रें मिळतात तीं तेथेंहि उतरवून ठेवावीं, म्हणजे पुराची वा वाळवीची चिंता उरत नाहीं.

आणखी कांहीं वस्तु यंत्रांत घालूं नयेत. दुकानांतील पुष्कळ पावत्यांचा कागद असा असतो कीं, त्यावर उष्णतेनेंच अक्षर उमटतें. तो तापलेल्या यंत्रांत गेला तर सबंध काळा पडतो. मेणाच्या खडूंनीं रंगविलेलें चित्र वितळून पसरतें. झाडाचीं पानेंफुलें पूर्ण वाळलेलीं व चपटीं नसतील तर आंत वाफ धरून फोड येतात.

३. यंत्राची निवड

रुंदी. नेहमींचा ए-४ कागद २१० मिलिमीटर रुंद व २९७ मिलिमीटर लांब असतो. घरच्या कामास ए-४ चें यंत्र पुरतें. शाळेस वा कचेरीस नकाशे व तक्ते करावयाचे असल्यास ए-३ चें घ्यावें. तो कागद बरोबर दुप्पट, म्हणजे २९७ मिलिमीटर रुंद व ४२० मिलिमीटर लांब. रुंद यंत्रांत लहान कागद जातो, अरुंदांत मोठा जात नाहीं, हें उघड आहे. परंतु रुंद यंत्र जागा अधिक अडवितें व त्यास पैसेहि अधिक पडतात. आपल्या वर्षभराच्या कामांत मोठे कागद किती, हें आधीं मोजावें.

जाडी. पाऊचची जाडी मायक्रॉनमध्यें सांगतात. १००० मायक्रॉन म्हणजे १ मिलिमीटर. भिंतीवर लावावयाच्या कागदास ७५ किंवा ८० मायक्रॉन पुरे. जो कागद अनेक हातांतून फिरतो त्यास १२५. आणि ओळखपत्रासारख्या ताठ वस्तूस २५०. येथें एक मेख आहे. हा आंकडा बहुधा एका बाजूचा असतो. कांहीं दुकानदार मात्र दोन्ही बाजू मिळवून सांगतात. आमची पहिली चूक हीच झाली. २५० म्हणून जें पुडकें आणलें तें प्रत्यक्षांत १२५ व १२५ असें निघालें, आणि ओळखपत्रें लवचीक झालीं. म्हणून "एका बाजूस किती?" असें स्पष्ट विचारावें, व आपलें यंत्र तेवढी जाडी घेतें कीं नाहीं हें त्याच्या माहितीपत्रकांत पाहावें. यंत्राच्या शक्तीबाहेरचा जाड पाऊच नीट चिकटत नाहीं, व कधीं आंत अडकतो.

उष्णता व रोलर. पातळ पाऊचास उष्णता कमी लागते, जाडास अधिक. म्हणून उष्णता कमीअधिक करण्याची सोय असलेलें यंत्र घ्यावें. उष्णता अपुरी असेल तर कागद दुधाळ, धुरकट दिसतो. फार झाली तर पाऊच वळतो वा त्यास लाटा येतात. साध्या यंत्रांत दोन रोलर असतात, आणि अधूनमधूनच्या घरकामास ते चालतात. चार रोलरांच्या यंत्रांत दाब दोनदां पडतो, म्हणून कागद अधिक सपाट निघतो. कचेरीस तेंच बरें.

वेळ. लहान यंत्र तापण्यास बहुधा तीन ते पांच मिनिटें घेतें. पुढें मिनिटास सुमारें ३०० मिलिमीटर या वेगानें कागद सरकला, तर एका ए-४ कागदास एक मिनिट लागतें. दहा कागदांस हें ठीक. शंभर ओळखपत्रें करावयाचीं असतील तर अधिक वेगाचें यंत्र हवें. लहान यंत्र किती वेळ सलग चालवावें व मग किती विश्रांति द्यावी, हेंहि विकत घेतांना विचारून घ्यावें.

सुटका. पाऊच आंत अडकला तर रोलर सैल करणारी दांडी किंवा उलट फिरविणारें बटण असावें. हें नसलेलें यंत्र स्वस्त मिळालें तरी घेऊं नये. एक कागद अडकला कीं यंत्र व कागद दोन्ही जातात. काम संपल्यावर आपोआप बंद होण्याची सोय असल्यास मुलाबाळांच्या घरीं ती मोलाची.

४. वापरतांना

कागद पाऊचांत असा ठेवावा कीं, चारी बाजूंस निदान ३ मिलिमीटर कड मोकळी राहील. जोडलेली कड आधीं यंत्रांत घालावी. उघडी बाजू आधीं गेल्यास पाऊच दुमडून अडकूं शकतो. कापावयाचें तें कागद घालण्यापूर्वीं कापावें. मागाहून कागदाच्या काठाशीं प्लॅस्टिक कापलें तर ती चिकटलेली कड नाहींशी होऊन पाणी आंत शिरतें. नवीन पुडक्यांतील पहिला पाऊच नेहमीं रद्दी कागदावर करून पाहावा. बाहेर आलेला पाऊच गरम व मऊ असतो. तो सपाट जागीं निवूं द्यावा. रिकामा पाऊच यंत्रांत कधींहि घालूं नये. आणि प्लॅस्टिक चिकटलेला कागद रद्दीच्या कागदांत सहसा चालत नाहीं, म्हणून हौसेखातर सगळ्याच कागदांस ही झूल चढवूं नये.

समारोप

शाळेसाठीं आम्हीं अखेर ए-३ चें, चार रोलरांचें यंत्र घेतलें. घरासाठीं घेतलें असतें तर ए-४ चें साधें यंत्र पुरलें असतें. निवड कामावरून करावी, दुकानांतील चकाकीवरून नव्हे. यंत्राशेजारीं आम्हीं एक पाटी लावली आहे : "मूळ कागद येथें देऊं नये." ती पाटी मात्र लॅमिनेशन केलेली आहे, आणि ती वाचतांना आम्हांस त्या गृहस्थांची आठवण होते. कागद जपण्याची त्यांची तळमळ खरी होती. फक्त जपणें म्हणजे बंद करून टाकणें नव्हे, एवढें त्यांस वेळीं कोणी सांगितलें नाहीं. शाळेनें दाखला देतांनाच तें सांगावयास हवें होतें. यापुढें आम्ही सांगतों.

अभ्यासार्थ प्रश्न

(१) एका कागदाची जाडी १०० मायक्रॉन आहे. त्यास दोन्ही बाजूंस १२५ मायक्रॉनचे पापुद्रे लाविले, तर एकूण जाडी किती मिलिमीटर होईल?

(२) ए-४ चा पाऊच ३०३ मिलिमीटर लांब आहे. यंत्राचा वेग मिनिटास ३०० मिलिमीटर धरला, आणि पाऊच एकामागून एक घातले, तर ४० पाऊचांस सुमारें किती वेळ लागेल?

(३) आपल्या घरांतील दहा कागदांची यादी करा. त्यांपैकीं कोणत्यांची दुसरी प्रत सहज निघेल व कोणत्यांची निघणार नाहीं, हें वडीलधाऱ्यांस विचारून लिहा.