एकाच मळ्याची वाइन : वर्षागणिक पारख

फ्रान्सच्या बोर्दो भागात लाल वाइनच्या बाटलीवर द्राक्षकाढणीचे वर्ष छापतात. एकाच मळ्याच्या निरनिराळ्या वर्षांच्या वाइन शेजारी ठेवून चाखताना वयाचा आणि हवामानाचा परिणाम वेगळा ओळखावा. नाहीतर जुनी तेवढी चांगली, असा चुकीचा निष्कर्ष निघतो. वयाने जांभळट रंग विटकरी होतो, तुरटपणा मऊ होतो व तळाशी साका बसतो. आंबटपणा आणि भरीवपणा मात्र मुख्यतः हंगाम सांगतात. २००३ च्या कडक उन्हाळ्यात द्राक्षांत साखर वाढली, आम्लता घटली. २०१३ मध्ये फुलोऱ्यात थंडी-पाऊस आल्याने फळधारणा कमी झाली. वाइन हलकी उतरली. बाटली आदल्या दिवशी उभी ठेवावी, सारखेच पेले वापरावेत आणि चवीच्या नोंदीशेजारी त्या वर्षीचे हवामान लिहावे.