तळ्यावरची हिरवी साय

उन्हाळ्यात तळे आटू लागले व वारा पडला, की एखाद्या सकाळी पाण्यावर हिरवा रंग ओतल्यासारखी साय दिसते. आपण तिला शेवाळ म्हणून सोडून देतो. पुष्कळदा ते मायक्रोसिस्टिस नावाचे जिवाणू असतात. काठी घालून पाहावे. साधे शेवाळ तंतूंनी काठीला लोंबते, हे रंगासारखे माखते.

रात्रीतून ते वर आले कसे? जिवाणूच्या पेशीत वेगळे अवयव नसतात, असे आम्ही शाळेत शिकलो. ते तितकेसे खरे नाही. हा जिवाणू तरंगण्यासाठी आपल्या पोटात पोकळ नळ्या बांधतो. एकाच लहान प्रथिनाचे असंख्य कण बरगड्यांसारखे रचले जातात. प्रथम दोन शंकू बुडाशी जोडल्यासारखा आकार होतो. मग मधला भाग वाढून नळी बनते. भिंतीची जाडी मिलिमीटरच्या सुमारे पाच लाखाव्या भागाइतकी! आत हवा कोणी फुंकत नाही. पाण्यात विरघळलेला वायू भिंतीतून आपोआप शिरतो. भिंतीची आतली बाजू पाण्याला थारा देत नाही, म्हणून नळी कोरडी राहते. अशा नळ्या मधाच्या पोळ्यातील घरांसारख्या एकमेकींना लागून रचलेल्या असतात. दिवसा उन्हात पेशीत अन्न साठते व त्या वजनाने ती खाली जाते; रात्री ते खर्ची पडले की वर येते.

१८९५ साली क्लेबान या जर्मन शास्त्रज्ञाने असे पाणी बाटलीत काठोकाठ भरले, बूच लावले व बुचावर हातोडा मारला. दाबाने नळ्या चेपल्या आणि साय तळाला बसली. चेपलेली नळी पुन्हा फुगत नाही, नवीच बांधावी लागते. (घरी करू नये, बाटली फुटेल.)

एवढे सांगण्याचे कारण गुरे. तरंगणारी साय वारा एका काठाशी लोटतो, आणि गुरे पाणी पितात तीही काठालाच. १८७८ साली जॉर्ज फ्रान्सिस यांनी ऑस्ट्रेलियातील अलेक्झांड्रिना सरोवराची हकीकत छापली. तिथे याच कुळातल्या दुसऱ्या जातीची साय पिऊन मेंढ्या, घोडे, डुकरे, कुत्री मेली होती. मायक्रोसिस्टिसचे विष यकृतावर घाला घालते. प्रत्येक साय विषारी नसते, पण डोळ्यांनी ते ओळखता येत नाही. पाणी उकळूनही विष जात नाही. मोरचूद टाकण्याची घाई तर मुळीच नको. पेशी फुटून सारे विष एकदम पाण्यात उतरते. साय दिसली की गुरांना विहिरीचे पाणी पाजावे, मुलांना पोहू देऊ नये. जनावर सुस्त होऊन चारा सोडील, तर पशुवैद्यांना तळ्याची गोष्ट आधी सांगावी.