०.७८ म्हणजे अशुद्ध नव्हे
माझं कंपाउंड शुद्ध होतं. हे आधीच सांगते, कारण ग्रुप मीटिंगमध्ये ते ऐकून घ्यायला कुणी तयार नव्हतं.

व्हॅनिलिनचा बेंझिल ईथर. टीएलसीवर एकच स्पॉट, मेल्टिंग पॉइंट चोख. तरी सरांनी प्रोटॉन एनएमआरच्या प्रिंटआउटवर पेन टेकवलं. मेथॉक्सी ३ धरला, तर ९.८४ पीपीएमचा आल्डिहाइड १ऐवजी ०.७८ आणि अरोमॅटिक ८ऐवजी ८.६. ‘आल्डिहाइड ऑक्सिडाइज झालाय, बेंझिल ब्रोमाइड उरलंय. पुन्हा कॉलम कर.’ बेंझिल ब्रोमाइडचा सीएच-टू ४.५च्या आसपास येतो. तिथे बेसलाइन सपाट होती. ॲसिड झालं असतं तर ७.६-७.७ला नवे पीक दिसले असते. दोन्ही जागा मी बोट ठेवून दाखवल्या. ‘इंटिग्रेशन खोटं बोलत नाही,’ म्हणाले आणि पुढच्या मुलाकडे वळले.

कॉलम केला. नव्या स्पेक्ट्रममध्ये पुन्हा ०.७८! तिथेच डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अशुद्धी असती तर आकडा हलायला नको? पॅरामीटर उघडले: रिलॅक्सेशन डिले अवघा १ सेकंद. आल्डिहाइडचा एकटा प्रोटॉन सावकाश रिलॅक्स होतो, मिथाइलचे झटकन. तो सावरायच्या आत पुढची पल्स येते आणि त्याचा पीक कमी भरतो. तीच ट्यूब, डिले ३० सेकंद: ०.९९. उरलेले ०.६? ७.२६चा क्लोरोफॉर्म ऑपरेटरने अरोमॅटिकमध्येच मोजला होता.

सर ‘बरं’ म्हणाले. वाया गेलेल्या सिलिकाबद्दल, माझ्या कष्टांबद्दल चकार शब्द नाही.

म्हणून सांगते, प्रिंटआउटवर विसंबू नका, एफआयडी मागून घ्या. आधी फेज आणि बेसलाइन, मगच इंटिग्रेशन. संदर्भासाठी ओएच, एनएच किंवा सॉल्व्हंटला खेटलेला पीक कधीही धरू नका. ओएचची शंका असेल तर डी-टू-ओ टाकून तो नाहीसा होतो का बघा. नेहमीच्या स्पेक्ट्रममध्ये पाच-दहा टक्के इकडेतिकडे होणारच, २.९ म्हणजे तीनच. शुद्धता टक्क्यांत हवी असेल तर गोष्ट वेगळी: ९० अंशांच्या पल्सला सर्वांत मोठ्या टी-वनच्या निदान पाचपट थांबावं लागतं. नोंदी नीट ठेवा, मीटिंगमध्ये आवाज चढवू नका.

आणि नुसत्या इंटिग्रेशनवरून कुणी माल नापास केला, तर अशुद्धीचे स्वतःचे पीक कुठे आहेत ते आधी विचारा. ते दाखवेपर्यंत कॉलम भरू नका.