जुन्या गाडीवर बसलेला हात

फियाटवर शिकलेला माणूस नव्या गाडीला नवख्यापेक्षा जास्त धोकादायक, असं माझं आता ठाम मत झालंय. नवखा बॉनेट उघडतो, आत बघतो आणि निमूट बंद करतो. आमचे मात्र हात शिवशिवतात.

मी शिकलो प्रीमियर पद्मिनीवर. कुर्ल्यात बनलेली, १०८९ सीसीची ही गाडी स्वतःचं दुखणं लपवत नसे. पॉइंटवर काजळी धरली की पॉलिश पेपर फिरवायचा, प्लग काळे पडले की ब्रशनं घासायचे. मे महिन्यात खंबाटकी चढताना पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडली, की पंपावर ओलं फडकं टाकून सावलीत उभं राहायचं. तो पंप इंजिनालाच लावलेला, म्हणून तापायचा. आताचा पंप टाकीत, पेट्रोलमध्ये बुडलेला असतो आणि पेट्रोलच त्याला थंड ठेवतं. काटा कायम रिझर्व्हवर ठेवून गाडी चालवणारे त्याचं आयुष्य कमी करतात, एवढं जाता जाता.

प्रसंग घडला माझ्या मेहुण्यांच्या गाडीवर. एप्रिल २०२० नंतरची, म्हणजे बीएस-सहा. डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला होता. त्यांचे काका जुने जाणकार. ते म्हणाले, “गाडी चालू ठेव, बॅटरीचं टर्मिनल काढतो. इंजिन चालत राहिलं तर डायनॅमो ठीक.” जुन्या फियाटवर ही परीक्षा मीही पाहिलेली. मी “काका, थांबा” म्हणेपर्यंत पाना फिरला होता. हेडलाइट क्षणभर लख्ख झाले आणि मग सगळंच अंधारलं. गाडी टो करून न्यावी लागली. अल्टरनेटर गेलाच, सोबत इंजिन चालवणारा छोटा संगणकही गेला, आणि बिलाचा आकडा ऐकून काका दोन दिवस जेवायला खाली आले नाहीत.

कारण सरळ आहे. चालू गाडीत बॅटरी नुसती वीज देत नाही, अल्टरनेटरचे झटके पोटात घेते. ती अचानक बाजूला केली की व्होल्टेज उसळतं. पद्मिनीत जळण्यासारखं इलेक्ट्रॉनिक काही नव्हतंच. मग तपासायचं कसं? मल्टिमीटर घ्या. गाडी बंद असताना चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, चालू केल्यावर आकडा साधारण १३.८ ते १४.४ वर जातो. काही नव्या गाड्या चार्जिंग मुद्दाम कमी करतात, तेव्हा एसी आणि हेडलाइट लावून पुन्हा मोजा. टर्मिनल काढायचंच असेल तर गाडी बंद करून, आधी निगेटिव्ह.

अशा आणखी दोन युक्त्या विसरायला हव्यात. गाडी मिसिंग करतेय म्हणून चालू इंजिनावर एकेका प्लगची टोपी उपसून बघणं ही पहिली. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो महागडा भाग आतून वितळतो. दुसरी डिझेलवाल्यांची: एअर काढायला इंजेक्टरचा पाइप सैल करणं. जुन्या जीपवर हे रोजचं काम होतं. कॉमन रेलमध्ये मात्र दाब १,६०० बारच्या घरात किंवा त्याहून वर असतो. आपल्या टायरमध्ये जेमतेम सव्वादोन बार. ती बारीक धार कातडीतून आत शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, पण तडक हॉस्पिटल गाठावं लागतं, नाहीतर बोट किंवा हात गमवायची वेळ येते.

एअरबॅगच्या पिवळ्या जोडण्या आणि हायब्रिडच्या नारिंगी केबल यांना हात लावू नका. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली, मग ती कुठल्याही सालातली असो, शिरू नका. खाली घोडी हवीच.

याचा अर्थ नव्या गाडीत घरी काहीच करू नये असा नाही. एअर फिल्टर, एसीचा फिल्टर, वायपर, फ्यूज, टर्मिनलवरचा पांढरा थर गरम पाण्यानं धुणं, हे सगळं मी अजून स्वतः करतो. प्लगही बदलतो, पण इंजिन गार झाल्यावर आणि सुरुवातीचे आटे हातानं बसवून. अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये तिरका प्लग पान्यानं आवळला की आटे गेलेच.

स्वस्तातला ओबीडी स्कॅनरही जवळ असावा. फक्त तो कोड सांगतो म्हणजे खराब भाग सांगतो, असं समजू नये. शेजारच्यांच्या गाडीत पी०१७१ आला होता, म्हणजे पेट्रोलच्या मानानं हवा जास्त. गॅरेजवाल्यानं लगेच ऑक्सिजन सेन्सर बदलायला सांगितलं. आम्ही गाडी आयडलवर ठेवून पंख्यापासून हात लांब ठेवत नुसतं ऐकलं. इनटेकच्या मागून बारीक ‘स्सस्’ येत होतं. रबरी नळी चिरली होती. नाना पेठेतून तशीच नळी आणून बसवली, कोड पुसला, तो परत आला नाही.